बिसरामची चौसष्ट टिंबं

आमच्या मुर्री गावचा ढोरकी बिसराम एकतीस वर्षं गावाची गुरं चारतोय. रोज सकाळी सातला गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, आखरावर, तो उभा राहतो आणि हजेरी घेतो. मोजत नाही. नुसता एकदा नजर फिरवतो आणि सांगतो, "लाखनी नाई आली. पुष्पाबाईनं सोडली नसंन." जाऊन बघावं तर लाखनी खरंच गोठ्यात. अशा माणसाला माझ्या मुलीने या जानेवारीत सांगितलं, की त्याची चौसष्ट गुरं म्हणजे चौसष्ट टिंबं आहेत.

दिव्या भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालीय. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी तिची मुलाखत होती. जागा एकच. सजीवांच्या झुंडी कशा चालतात, हे भौतिकशास्त्राने समजून घ्यायचं, असा तिथला विषय. स्वतः केलेलं एखादं छोटं काम सोबत न्यायचं होतं. मी म्हटलं, घरात बसून होईल असं काही निवड. तिने गुरं निवडली. शिंगांची.

तिने बिसरामला आमच्या अंगणात बसवलं.

"काका, लोखंडात बारीक बारीक चुंबकं असतात. प्रत्येक चुंबक बाजूच्याचं तोंड बघून आपलं तोंड फिरवतं, म्हणून सगळ्यांची तोंडं एकीकडे होतात. मुकादम लागत नाही. गुरांचंही तसंच असणार, असं माझं समीकरण म्हणतं."

"मुकादम लागत नाई," बिसराम म्हणाला. "मंग मी एकतीस वर्षं का करून राहिलो?"

"तेच तर बघायचंय."

मग माझा रांगोळीचा अख्खा डबा रिकामा करून तिने फरशीवर नकाशा काढला. इकडे आखर, मध्ये डबकं, पलीकडे कालव्याचा पूल. आखरावर चौसष्ट टिंबं. डबक्याला डावीकडून वळसा घालणारा एक लांब बाण.

"दहा दिवस तुम्ही हाक मारायची नाही, काठी उचलायची नाही, गुरांसमोर यायचंही नाही. मी गच्चीवरून व्हिडिओ काढीन. अशी एका झुंडीत पुलापर्यंत गेली, की माझं काम झालं."

बिसरामने बराच वेळ रांगोळी पाहिली. "यातली भुरी कोणती?"

"कोणतीच नाही. सगळी सारखी धरायची."

"भुरीले सांगू नको. तिले राग येते." मग बाणावर बोट ठेवून त्याने विचारलं, "अस्संच गेलं पायजे का, बाई?"

"हो, काका. अस्संच."

आमच्या गच्चीला कठडा नाही. पहिल्या दिवशी मी दिव्याच्या ओढणीचं टोक धरून बसले. ती म्हणाली, "आई, मी पडले तर तूही खाली येशील." मी म्हटलं, येईन.

गुरं निघाली. मागे बिसराम नाही, काठी नाही, हाक नाही. डबक्यापाशी आली आणि एका झुंडीत, रांगोळीतल्या बाणासारखी, डावीकडून वळून पुलावर गेली. दिव्या गच्चीवर नाचली. मी ओढणी दोन्ही हातांनी धरली.

दुसऱ्या दिवशी डावीकडे. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ती नाचली नाही.

"समीकरणाला डावं-उजवं कळत नाही, आई. निम्म्या वेळा उजवीकडे जायला हवीत."

सात दिवसांत सातही वेळा डावीकडे. नाणं सात वेळा उडवावं आणि सातही वेळा छापाच यावा, तसं. तिने सकाळच्या उन्हाचा कोन आणि कालव्याकडचा वारा यांवर चार पानं लिहिली. दृष्ट तर लागली नसेल, असं मी सुचवून पाहिलं. ते तिने पानांत घेतलं नाही.

त्याच दुपारी बिसरामची बायको धनवंता तणतणत आली.

"मंजूबाई, तुमच्या पोरीच्या नादानं माया माणूस बिघडला!"

"काय झालं?"

"गाडग्यात मोहफूल वाळवून ठेवले होते. रोज दोन मुठी कमी हून राहिले. काऊन? दारू गाळून राहिला असंन कुठंतरी! इतकी वर्षं थेंब नाई घेतला त्यानं."

बिघडलेल्या ढोरक्याच्या भरवशावर माझी मुलगी मुलाखतीला जाणार?

दुसऱ्या दिवशी पहाटे धनवंता आणि मी डबक्याकाठच्या बेशरमाच्या झुडपामागे दडून बसलो. धुक्यातून बिसराम आला. हातात पुरचुंडी, दुसऱ्या हातात कागद. कागदावर रांगोळीचा तो बाण त्याने उतरवून घेतला होता. कागद बघत, वाकून, डबक्याच्या डाव्या काठाने तो मोहफुलं टाकत गेला. टाकून झाल्यावर लपायला आला तो नेमका आमच्याच झुडपामागे.

"अगे! तू का करून राहिली इथं?"

"मी का करून राहिली? तू का करून राहिला?"

"हळू बोल, ढोरं येऊन राहिले. पोरीचा पेपर हाय ना! बोर्डाच्या पेपराले लोकं भितीवर चढून कापी पुरवतेत. म्या जरासी ढोरायले पुरवली."

धनवंताने आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. मग हसत सुटली. मला हसू येईना. मुलाखत पाच दिवसांवर आली होती.

गच्चीवरून झुडपामागची तीन डोकी दिव्याला दिसलीच. ती धावत आली आणि सगळं कळल्यावर तिथेच खाली बसून रडली. आठ दिवस फुकट. बिसरामने डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा काढला.

"चुकलं, बाई. तुयं गणित चुकू नाई असं वाटे."

नाक पुसता पुसता दिव्या मध्येच थांबली. "काका, चौसष्ट गुरांना दोन मुठी पुरल्या कशा?"

"सगळ्यायले काऊन टाकू? भुरी, लाखनी अन् ते उनाड वासरू. तिघायले ठाऊक रायलं का झालं. बाकीचे बाजूवालीचं तोंड पाहून चालतेत."

दिव्याचं रडणं बंद. "परत बोला, काका." त्याने परत सांगितलं. तिने त्याच्याच नकाशाच्या मागे लिहून घेतलं.

एक दिवस वाढवून पुढचे तीन दिवस मोहफुलं बंद. पहिल्या दिवशी सगळी गुरं डबक्याकाठी हुंगत उभी राहिली, हलेचनात. दुसऱ्या दिवशी उजवीकडून गेली. तिसऱ्या दिवशी अर्धी डावीकडून, अर्धी उजवीकडून, आणि उनाड वासरू आमच्या तुळशीत. दिव्याने सगळं लिहिलं, मोहफुलांसकट. मी म्हटलं, मोहफुलांचं कशाला सांगतेस? कोणाला कळणार आहे? खरं सांगायचं तर मी बिसरामच्याच पंथाची.

"आई, ज्यांना वाट ठाऊक आहे अशी तिघं चौसष्टांना वळवतात. तीच तर गंमत आहे!"

निघायच्या दिवशी बिसराम मोहफुलांची पोटली घेऊन आला.

"साहेब कितीक आहेत?"

"सात."

"मंग मधल्यालेच दे. बाकीचे येतेत मांगं."

आज संध्याकाळी तिचा फोन आला. "आई, त्यांना दाखवायला पोटली उघडली. मधल्या सरांनी एक फूल उचलून तोंडात टाकलं. बाजूच्या मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनीही घेतलं. मग तिसऱ्यांनी. मग सातही जणांनी!"

"अगं, ते धुतलेलं नव्हतं!" मी ओरडले.

"माझी निवड झाली, आई."

मी लगेच बिसरामच्या घरी गेले. तो बाजेवर बसून विडी ओढत होता. ऐकून त्याने मान हलवली. "मधल्यालेच देल्लं ना? मंग होणारच होतं. पण कापी माईच होती, हे लक्षात ठेवजा."

आता अकरा वाजून गेलेत, घर झोपलंय, आणि मला झोप नाही. गाडग्यात वर्षभर पडून असलेली मोहफुलं ती. उद्या सकाळी दिव्याला आधी हे विचारायला हवं, की सातही जणांची पोटं बरी आहेत ना.