उचलण्याआधी नाव बघा

अनोळखी नंबराचं नाव दाखवणारं ॲप घेतल्यापासून आमच्या परळच्या ऑफिसात डबा खाताना दुसरा विषयच नाही. एकाने सांगितलं की दुसऱ्याला आठवतंच! डब्याला आम्ही चौघं: मी, सावंत, नाईक मॅडम आणि तावडे.

सुरुवात सावंतने केली. लोकांनी आपला नंबर ज्या नावाने सेव्ह केलाय, ॲप तेच दाखवतं. सावंतने हौसेने स्वतःचा नंबर टाकला. उत्तर आलं, 'सावंत उचलू नये'!

आम्ही हसून बेजार. सावंत मात्र गंभीर. "'उचलू नको' नाही, 'नये' म्हटलंय. मान ठेवलाय रे!"

*

नाईक मॅडम गिरगावच्या. एकदा फोन वाजला आणि स्क्रीनवर त्यांचंच नाव, 'सुनीता नाईक'!

"मीपण सुनीता नाईक," पलीकडची बाई म्हणाली. "तुमचा रक्ताचा रिपोर्ट चुकून माझ्याकडे आलाय. आजच्या आज डॉक्टरांना भेटा."

मॅडम गेल्या. डॉक्टरांनी तिथल्या तिथे ॲडमिट केलं. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं म्हणे.

बऱ्या झाल्यावर आभार मानायला त्यांनी तोच नंबर लावला. भायखळ्याचा कोणी भाजीवाला बोलला. "नंबर पहिल्यापासून माझाच आहे, बाई. इकडे कोण सुनीता नाय!"

*

माझं लहानपण घोडपदेवच्या चाळीतलं. आता तिथे टॉवरसाठी नुसता खड्डा आहे. मागे एका दुपारी फोन आला, नाव 'सुर्वेकाकू खालची खोली'. काकू नेहमीसारख्याच चिडलेल्या.

"अगं, तुमच्या मोरीचं पाणी गळतंय आमच्याकडे!"

"काकू, चाळ पाडली ना! तुम्ही आता वसईला असता, मुलाकडे."

"ते ठाऊक आहे मला. मग वर कोण आंघोळ करतंय?"

मी घाबरून त्यांच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "गळतंय खरं. पण आमचा मजला शेवटचा गं. वर कोरडी गच्ची!"

*

तावडे नायगावचा, अबोल. त्याने नवीन सिम घेतलं. पहिलाच फोन बायकोला केला, तर ती म्हणाली, "ॲपवर तुमचं नाव 'दिनेश वारला' असं येतंय!" नंबर आधी त्या दिनेशचा असणार.

मग रोज डब्याच्या वेळी फोन यायला लागला. नाव, 'दिनेशची आई'. म्हातारी मालवणी बोलायची.

"जेवलंस?"

"आजी, राँग नंबर. दिनेश आता..."

"माका म्हायत आसा. जेवलंस काय ता सांग."

शेवटी तावडे रोज सांगायला लागला, "हो आजी, जेवलो." या गोष्टीची आमच्यात कोणी थट्टा केली नाही.

परवा आम्ही तिघं मीटिंगमध्ये अडकलो. तावडे एकटाच डबा खात होता. फोन आला.

"जेवलो, आजी."

"तू नाय रे. तुझ्या पाठसून जो बोलता, तेच्याकडे फोन दी."

तावडेने वळून बघितलं. मागे भिंत.

त्याला काय वाटलं कोण जाणे, फोन स्पीकरवर टाकून त्याने टेबलावर ठेवला आणि दार ओढून बाहेर येऊन उभा राहिला. आम्ही आलो तेव्हा तिथेच होता. आत म्हातारी बोलत होती. मध्येच थांबायची, ऐकायची आणि हसायची.

बोलणं थांबल्यावर तावडे आत गेला. आम्ही त्याच्या मागे.

"हॅलो, आजी?"

"बाबा," ती म्हणाली, "उद्यापासून दोन डबे घेवन ये. तो जेवूक नाय."