विग्न्योसरांचा हिरवा पडदा

विग्न्योसर सत्तावीस वर्षं सोलो शहरातल्या आमच्या कॉलेजात कालव्याच्या पाण्याचं गणित शिकवत होते. खडू, फळा आणि तासानंतर गोड चहा, एवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं. यंदा विभागप्रमुख लस्त्योबाईंनी नवी पद्धत आणली. मुलांनी धडा घरी मोबाइलवर बघायचा, वर्गात गटागटाने गणितं सोडवायची, आणि सरांनी विचारलं की कळलं असेल तर मोबाइलवर हिरवं बटण दाबायचं, नसेल तर लाल. भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावाखाली ठिपका उमटायचा. ही यंत्रं सांभाळणं माझं काम, म्हणून सरांच्या डोक्याचा झालेला भुगा मला जवळून बघायला मिळाला.

पडदा रोज हिरवागार. चौतिसातले चौतीस. आणि पहिल्या चाचणीत एकोणतीस नापास.

सरांना काही उमजेना. त्यांनी मला आधी बटणं तपासायला लावली, मग वायफाय, मग पडदाच बदलून घेतला. तरी पडदा हिरवाच. बाईंनी गोड शब्दांत बजावलं, दुसरी चाचणीही अशीच गेली तर विषय दुसऱ्याकडे द्यावा लागेल. सरांची तहानभूक हरपली. सोयाबीनच्या टेंपेचा डबा तसाच घरी परत जायचा. मला त्यांची कीव यायची, आणि रोज वायर उपटायला लावतात म्हणून रागही.

शेवटी त्यांनी विदुरीला गाठलं. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, तीही नापास झालेली. ती मान खाली घालून म्हणाली, "सर, तुम्ही एवढा जीव तोडून शिकवता. तुमच्यासमोर लाल कसं दाबू? तुम्हाला शिकवता येत नाही, असं तोंडावर म्हटल्यासारखं होईल ना ते."

"अगं, पण हिरवं म्हणजे कळलं."

"हिरवं म्हणजे इंगिह, सर."

इंगिह म्हणजे हो. पण आमच्याकडे ते कळलं म्हणून थोडंच म्हणतात? मोठ्यांचा मान राखायला म्हणतात. थोड्या वेळाने सर माझ्या टेबलाशी आले. बाईंनी आम्हा सगळ्यांना ही पद्धत शिकवली, त्या दिवसाची नोंद त्यांना बघायची होती. मी काढून दिली. बाराही प्रश्नांना सरांचा ठिपका हिरवा.

"काही कळलं होतं का?" मी विचारलं.

"एक अक्षर नाही गं."

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी स्वतःचा मोबाइल काढला आणि सगळ्यांच्या आधी लाल दाबलं. पोरं चपापली. मग विदुरीचा ठिपका लाल झाला, मग मागच्या बाकावरचे दोन, आणि बघता बघता सगळा पडदा. नेमक्या तेव्हाच लस्त्योबाई दारात येऊन उभ्या.

"सगळं ठीक चाललंय ना, सर?"

"इंगि..." सर अडखळले. "नाही, बाई. मुलांना गणित कळलेलं नाही, आणि मला तुमची पद्धत."

गेला विषय हातचा, असं मला वाटलं. बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आणि पर्समधून मोबाइल काढला. पडद्यावर सगळ्यात खाली त्यांचं नाव आलं, आणि त्याखाली ठिपका. लाल.