टक्कर ब्राह्मणपुरीला, गळती अक्कलकुव्याला

"साहेब, सही करा. ड्रायव्हरचं लायसन रद्द होऊ द्या," शेठजींनी अर्ज माझ्यापुढे धरला.

आम्ही शहाद्याच्या एका गॅरेजात उभे होतो. मी सरकारी मोटार इन्स्पेक्टर. शेठजींची सर्व्हिस मोटार शहादा ते अक्कलकुवा उतारू वाहायची. आदल्या दिवशी अक्कलकुव्याच्या अलीकडे चढावर तिचं इंजिन जाम झालं होतं. रेडिएटर कोरडा ठणठणीत. रेडिएटर म्हणजे इंजिनापुढची पितळी जाळीची टाकी. तिच्यातलं पाणी इंजिन थंड ठेवतं. पाणी संपलं की इंजिन तापून जाम होतं.

"हा पाणी भरायला विसरला," शेठजींनी ड्रायव्हरकडे बोट केलं.

ड्रायव्हरचं नाव भिला. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. "तळोदाले भरेल व्हतं, साहेब," तो म्हणाला. "टक्कर व्हयनी तवयपाईन पाणी कमी व्हस. मी शेठले सांगं बी व्हतं."

त्या टक्करीपासूनच पाणी कमी होतंय, असं त्याचं म्हणणं. टक्कर तीन आठवड्यांपूर्वीची. ब्राह्मणपुरीजवळ कापसाच्या बैलगाडीचा एक बैल बुजून रस्त्यात आडवा आला. भिलाने मोटार वळवली. बैल आणि गाडीवान वाचले, मोटार बैलगाडीच्या चाकावर आदळली. नंतर तपासणी मीच केली होती. डावा मडगार्ड चेपलेला, दिवा फुटलेला, रेडिएटर बाहेरून कोरडा, कुठे ओल नाही. मी मोटार पास केली. म्हणजे भिला खरा असेल तर चूक माझी होती. हा विचार मला आवडला नाही, हे कबूल करतो.

रेडिएटर उतरवून आम्ही तपासला. तोंडांना लाकडी गुट्ट्या ठोकल्या, तो हौदात बुडवला, सायकलच्या पंपाने हवा भरली. फट असेल तर बुडबुडे येतात. एकही आला नाही.

"झालं?" शेठजी म्हणाले. "गळत नाही, मग पाणी गेलं कुठं?"

मी पेनचं टोपण काढलं.

गॅरेजच्या दारात दगाआप्पा तांबट बसले होते. हंडे, घागरी घडवणारे म्हातारे कारागीर. रेडिएटरला डाग द्यायचा, म्हणजे कथलाने सांधा जोडायचा असला की गॅरेजचा मिस्त्री त्यांना बोलावून घ्यायचा. त्यांनी ओला रेडिएटर मांडीवर घेतला आणि खालच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. दोनदा फिरवला.

"साहेब, जरा थांबा," ते म्हणाले. "हंड्याले पोचा पडना तरी पोचामांथून पाणी गळत नही. सांधामांथून गळस. अन् लगेच नही. धा-पंधरा दिन चुल्हावर चढस-उतरस, मंग."

"आप्पा, हा हंडा नाही," शेठजी हसले.

"पितय तेच शे," आप्पांनी पितळेवर बोट वाजवलं. "मोटारवर परत बसाडा, अन् उकयतं पाणी वता."

मला ते पटलं नव्हतं, पण नाही म्हणायला कारणही नव्हतं. मिस्त्री रेडिएटर बसवू लागला. उजवा बोल्ट सरळ गेला. डावा जाईना. पहारीने दाबून बसवावा लागला. मी चेपलेल्या मडगार्डच्या मागे डोकं घातलं. रेडिएटर धरणारी लोखंडी पट्टी बोटभर आत वाकली होती. टक्करीच्या दिवशी मी तिथे बघितलंच नव्हतं.

उकळतं पाणी ओतलं. काही झालं नाही. शेठजींनी घड्याळ काढलं. आप्पा मात्र डाव्या कोपऱ्याखाली तळहात धरून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी हात माझ्यापुढे केला. त्यावर एक थेंब होता. मग दुसरा पडला, आणि मग बारीक धार लागली.

वाकलेली पट्टी रेडिएटरला पिळून धरत होती. रोजचे हादरे, रोजचं तापणं-निवणं, त्यात सांध्याचं कथील हळूहळू तडकलं. मोटारीवर, गरम असताना तडा उघडायचा. रेडिएटर खाली काढून थंड केला की तडा मिटायचा. मला माझ्या परीक्षेसाठी हे कुणी शिकवलं नव्हतं.

भिला आप्पांच्या पाया पडायला वाकला. "मन्हा पाया कसाले पडस?" आप्पा खेकसले. "ती पट्टी सोड, सरळ करनी शे."

मी रिपोर्टात लिहिलं: बिघाड टक्करीमुळे, ड्रायव्हरचा दोष नाही, आधीच्या तपासणीत पट्टी पाहिली गेली नाही.

धुळ्याला वरिष्ठांनी विचारलं, "आधीची तपासणी कुणाची?"

"माझीच, सर."

त्यांनी रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला. मग सही केली. भिलाचं लायसन राहिलं आणि इंजिन दुरुस्त झाल्यावर शेठजींनी त्यालाच मोटारीवर ठेवलं. त्याची माफी मात्र त्यांनी मागितली नाही.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत समोरून धडकलेली मोटार मी मडगार्ड काढल्याशिवाय आणि रेडिएटरात उकळतं पाणी ओतल्याशिवाय पास केली नाही. शिवाय पंधरा दिवसांनी परत बोलवायचो. मालक कुरकुरायचे. टक्करीच्या दिवशी रेडिएटर गळत नाही, यावरून एवढंच सिद्ध होतं की तो त्या दिवशी गळत नव्हता.