आईंचं मशीन आणि माझे तीन मॉनिटर

सासूबाईंना दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा त्यांच्याबरोबर ऑक्सिजनचं मशीनही आलं. नाकातली नळी काढली की दोन वाक्यं बोलेपर्यंत त्यांचे ओठ निळसर पडायचे. नवरा नोकरीसाठी बंगळुरूत, म्हणून मी पुण्याहून हैदराबादला, नल्लकुंट्याच्या सासरच्या घरी राहायला आले. माझं काम एका परदेशी ग्राहकाच्या सर्व्हरवर नजर ठेवण्याचं. ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिली, पण ग्राहकाचं काम ग्राहकाच्याच कॉम्प्युटरवर, ऑफिसचं ऑफिसच्या, आणि नजर ठेवायला तीन मॉनिटर. हे सगळं खोक्यांतून घरी आलं, तेव्हा सासरे दारात उभे राहून बघत होते. त्यांनी आयुष्यभर कोर्टात वकिली केलेली.

"एका माणसाला दोन कॉम्प्युटर कायको लागतात?" त्यांनी विचारलं. त्यांच्या मराठीत हैदराबाद असं मधूनच डोकवायचं.

मी कारण सांगितलं. त्यांनी आपलं वकिलीचं मोठं टेबल मला रिकामं करून दिलं. ती खोली सासूबाईंच्या खोलीला लागूनच होती.

काहीही जोडण्याआधी मी विचारलं, "बाबा, या खोलीची आणि आईंच्या खोलीची विजेची लाइन वेगळी आहे ना?"

"वेगळीच. मी स्वतः उभा राहून टाकून घेतलीये. या घराचं मला मालूम नसेल तर कुणाला?"

दुपारभर मी टेबलाखाली वाकून तारा लावत होते. मॉनिटरचे स्टँड टेबलाच्या कडेला आवळले, दोन्ही कॉम्प्युटर खाली ठेवले, सगळं यूपीएसमधून घेतलं, म्हणजे लाइट गेली तरी थोडा वेळ चालू राहील. संध्याकाळी माझी पहिली पाळी होती आणि त्याच वेळी ग्राहकाच्या सर्व्हरवर मोठा बदल होणार होता. मॅनेजरचे मेसेज सुरू झाले होते. खोली तापलेली, म्हणून मी एसी लावला, एकेक पडदा उजळताना पाहिला आणि खुर्चीत बसले.

जिन्याखालच्या बोर्डातून फट्ट असा आवाज आला. पंखा मंदावला, एसी बंद झाला, घरभरचे दिवे गेले, जळक्या रबराचा वास आला. आणि भिंतीपलीकडून ऑक्सिजनच्या मशीनची शिट्टी सुरू झाली, न थांबणारी.

मी धावले. सासूबाई उठून बसल्या होत्या, दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून. घरात इन्व्हर्टर नव्हता. लाइट गेली तर म्हणून कोपऱ्यात एक छोटा सिलिंडर ठेवलेला होता. सासरे त्याचा व्हॉल्व्ह पान्याने फिरवत होते. पाना सटकत होता.

"उघडत नाही," ते म्हणाले. "उघडतच नाही हा!"

मी पाना घेतला, सगळा जोर लावला. व्हॉल्व्ह हलला नाही. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बोलायला श्वास नव्हता, पण डोळे मोठे झाले होते. तेवढ्यात माझ्या खोलीतून यूपीएसचा टुक् टुक् असा आवाज कानावर आला आणि माझ्या लक्षात आलं, माझे मॉनिटर अजून चालू आहेत.

परत धावले. पडद्यावर मॅनेजरचा प्रश्न दिसत होता: तयार? मी टेबलाखाली शिरून यूपीएसच्या मागच्या सगळ्या तारा ओढून काढल्या. तिन्ही पडदे एकदम काळे झाले. ती जड पेटी पोटाशी धरून मी आईंच्या खोलीत आणली.

"बाबा, मशीनची पिन काढा. इथे लावा!"

त्यांच्याकडून पिन भोकात बसेना. मी त्यांच्या हातावर हात ठेवून ती दाबली. मशीन घुरघुरलं. शिट्टी लगेच थांबली नाही. आम्ही दोघं मशीनला लावलेल्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिलो, आणि तिच्यात ऑक्सिजनचे बुडबुडे येऊ लागले.

यूपीएस फार वेळ टिकणार नव्हता. मी अंगणाच्या भिंतीवरून शेजारच्या तेलुगू बाईंना हाक मारली. काय झालं ते नीट न विचारताच त्यांनी लांब वायर भिंतीवरून टाकली. खिडकीतून आत घेऊन मशीन त्यांच्या घरच्या विजेवर लावलं, तेव्हा कुठे सासूबाई उशीला टेकल्या.

मॅनेजरला फोन करून मी म्हणाले, "आज मला जमणार नाही." तो काहीसं तुटक म्हणाला, "ठीक आहे, दुसऱ्या कुणाला तरी बसवतो." नोकरी राहील की नाही, ते त्या क्षणी मला कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी जवळच्या चिक्कडपल्लीहून इलेक्ट्रिशियन आला. कधीतरी झालेल्या दुरुस्तीत दोन्ही खोल्या एकाच वायरीवर घेतल्या होत्या; एवढ्या भाराने ती जळाली आणि घरचा मुख्य फ्यूजही गेला. सासऱ्यांनी ते ऐकून घेतलं आणि अंगणात जाऊन बसले. जेवायलाही आले नाहीत. सासूबाईंनी मला हळूच सांगितलं, "त्यांना बोलवू नकोस. येतील."

संध्याकाळी ते आले. अंगणातून परस्पर बाहेर जाऊन मशीनसाठी मीटरपासून वेगळी वायर टाकायला सांगून आले होते. सिलिंडरही बदलून आणवला, आणि व्हॉल्व्ह माझ्यासमोर उघडून दाखवला.

नोकरी टिकली. टेबल आता पुढच्या खोलीत आहे. तरी कॉम्प्युटर लावायच्या वेळी सासरे अजून दारात येतात.

"करतेस का चालू?"

"करते, बाबा."

"थांब जरा." ते आत जातात, मशीनशेजारी उभे राहतात आणि तिथून ओरडतात, "हौ, कर."

मी बटण दाबते. मग आम्ही दोघंही मशीनची घुरघुर ऐकत राहतो.