नेपल्सची लाल मिरची

सुरतच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या बायकोला, सुमनला, स्पष्ट सांगितलं, "आधी रंग जातील, मग बाकीचं. इलाज नाही. पाहायचं ते यंदाच पाहून घ्या."

भिंतीवरच्या कॅलेंडरात निळा समुद्र, मागे डोंगर आणि उतरणीवर रंगीत घरं होती. सुमनने बोट ठेवलं, "आठे जाऊत." (इथे जाऊ.) मी चष्मा लावून खालचं नाव वाचलं: नेपल्स, इटली. म्हटलं, मेलो! बाईने तोरणमाळ मागितलं असतं तर जीपने नेलं असतं.

तरी गेलो. किल्ला पाहिला, ज्वालामुखी पाहिला. गाइड राजांची नावं सांगायची. सुमन फक्त रंग पुटपुटायची. "पिवळी भिंत. हिरवी खिडकी." पिझ्झ्याला तिने मैद्याची भाकर ठरवलं आणि त्यावर आमच्याकडच्या ब्राह्मणपुरीहून आणलेला ठेचा पसरला.

एका बोळात मात्र मी थबकलो. दुकानभर लाल मिरच्यांच्या माळा! मी पडलो नंदुरबारचा मिरची व्यापारी. वाळलीय का ते आवाजावरून कळावं म्हणून एक मिरची कानाशी नेऊन मोडून पाहिली, मोडेना. मग दाताखाली धरली. कट्ट!

"दात शे का गया?" (दात आहे की गेला?) सुमन ओरडली.

मिरची काचेची होती. दुकानदार म्हातारी हसून हसून रडली. गाइड म्हणाली, "हे शिंग आहे, दृष्ट लागू नये म्हणून. पण स्वतः विकत घेतलं तर फळत नाही. कुणीतरी द्यावं लागतं."

म्हातारीने डोळे पुसले, एक शिंग उचललं आणि सुमनच्या तळहातावर ठेवलं.

"यास्नाबी मिरचीवरच भरोसा शे," सुमन म्हणाली. (यांचाही मिरचीवरच भरवसा आहे.) तिने ते डोळ्यांजवळ धरलं. "लाल शे. लालभडक."

त्या रंगावर मी सगळी आशा टांगली. शिंग दोऱ्यात ओवून तिने गळ्यात घातलं.

डिसेंबरात तिला माझ्या पथारीवर (मिरची वाळवायच्या मैदानावर) नेलं. नजर जाईल तिथवर लालच लाल. ती बराच वेळ पाहत उभी राहिली.

"औंदा मिरची काबर काळी पडनी हो?" (यंदा मिरची काळी का पडली हो?)

"पाऊस लागना," (पाऊस लागला,) मी म्हणालो.

आभाळ कोरं होतं, महिनाभरात थेंब पडला नव्हता. इतकी वर्षं धंदा केला, ओली मिरची कोरडी म्हणून कुणाच्या गळ्यात मारली नाही. त्या दिवशी कोरडी मिरची ओली सांगितली.