कंबर आणि गुडघे असलेला पलंग

आमची मामी जन्मभर शिवणकाम करत आली. तिच्या हातचा कपडा उसवला असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण हृदय थकल्यापासून ती खुर्चीत बसून झोपायची. आडवी झाली की धाप लागे आणि बसून राहिली की पाय सुजून टम्म होत. डॉक्टर म्हणाले, पाठ थोडी उचललेली हवी आणि पायही. म्हणून मी बटणावर वरखाली होणारा पलंग आणला.

मामीनं त्याच्याकडे सवतीकडे पाहावं तसं पाहिलं. "दवाखाना घरात आणलास? मी नाही त्यावर निजायची. मला काय धाड भरलीय?"

"अगं, निदान बघ तरी," मामा म्हणाले. मामांचं घरात कधी चाललंय, म्हणून आज चालणार होतं?

पण उघडी गादी तिला बघवेना. तिनं टेप काढली, माप घेतलं आणि गादीला अंगाबरोबर बसणारी चादर शिवून चढवली. नावाला सुरकुती नाही. मी कौतुकानं बटण दाबलं. पलंगाचं डोकं वर आलं, गुडघ्यांपाशी उंचवटा झाला आणि चादर दोन्हीकडून टर्रकन उसवली. मामांनी हसू दाबलं.

मामी मात्र पलंगाभोवती फिरत राहिली. "परत कर बघू." मी पुन्हा खालीवर केला. ती वाकून, डोळे विस्फारून बघत होती. "अगं बाई! याला कंबर आहे, गुडघे आहेत. आणि मी ताठ उभ्या माणसाचं माप घेतलं!"

हात उचलता यावा म्हणून काखेत कापडाचे जादा तुकडे, चौबगळे, जोडतात, तसे तिनं चादरीला कमरेशी आणि गुडघ्यांशी जोडले. पण माणूस आत असल्याशिवाय फिटिंग कळत नाही, हा तिचा धंद्यातला नियम. मामांना झोपवलं तर ते गुदगुल्या झाल्यासारखे हसायला लागले.

"उठा, तुमच्याच्यानं एक काम होईल तर शपथ!" म्हणत ती चिडून स्वतःच आडवी झाली.

मी हळूहळू पाठ उचलली, मग पाय. ती शिवण चाचपत होती. हात मध्येच थांबला.

"धाप नाही गं लागली," ती पुटपुटली. "पाठ टेकलीय, तरी नाही लागली."

खरं सांगते, त्या लोखंडी सांगाड्यापुढे मला हात जोडावेसे वाटले.

भर दुपारी मामी गाढ झोपली. मामा घाबरेघुबरे होऊन तिच्या नाकाशी बोट धरून बसले. इतका शांत श्वास त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"मामा, झोपलीय ती," मी म्हटलं.

"माहितीय गं," ते म्हणाले, पण बोट काही काढलं नाही.