हबशांचा धडा

पाटलाने माझ्या हातातली काठी हिसकावली आणि माझ्याच पाठीत घातली. एकदा, दोनदा, मग किती ते कळेना. समोर माझ्याच शाळेतली पोरं मांडीवर पाट्या घेऊन बसलेली. माझा गुन्हा काय, तर काठी ओली होती.

बाहेरच्याला हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. मुरबाडहून घाटाच्या बाजूला गेलं की पायथ्याशी ते गाव. शाळा पाटलाच्या पडवीत भरायची. त्या आडगावात दुसरा मास्तर टिकेना, म्हणून शाळाखात्याच्या कचेरीने मला धाडलं. मी महार. गावाने बैठक घेतली आणि मला ठेवून घेतलं, पण अंगणात. वरच्या जातींची पोरं पडवीत. मी खाली, आणि माझ्या बाजूला महारवाड्यातली चार पोरं. पाटी तपासायची तर पोराने ती पायरीवर ठेवून मागे सरायचं. मी वाकून बघायचं, हात लावायचा नाही. जगाचा नकाशा पडवीच्या भिंतीवर. तो दाखवायला मला आठ हातांचा बांबू दिला होता. बांबू वाळलेलाच पाहिजे. वाळल्या लाकडातून विटाळ वर चढत नाही, ओल्यातून चढतो, हा त्या गावचा शोध. मी सातवीची फायनल पास झालेला माणूस, आणि हे शास्त्र मी दीड वर्ष निमूट पाळलं. त्याची लाज मला अजून वाटते.

इटलीने अबिसिनियावर, म्हणजे आफ्रिकेतल्या हबशांच्या देशावर स्वारी केली, तेव्हाची ही गोष्ट. माझा मेहुणा आसनगाव स्टेशनावर रेल्वेच्या गँगमध्ये होता. उतारूंनी टाकलेली वर्तमानपत्रं तो जमवायचा आणि मुरबाडच्या बाजाराला येणाऱ्या माणसाबरोबर मला पाठवायचा. फाटलेले तुकडे जुळवून मी वाचायचो. अनवाणी माणसं, हातात भाले, जुनाट बंदुका. डोक्यावर विमानं. विमानांतून बॉम्ब, आणि बॉम्बपेक्षा वाईट ते विष. वरून शिंपडायचे. अंगावर पडलं की कातडी सोलून यायची. माणसं, गुरं, सगळी पाण्याच्या काठाशी तडफडून मेली. वाचलं आणि मला अन्न गोड लागेना. भूगोलाच्या पुस्तकात त्या देशाबद्दल एवढंच होतं की तिथे कॉफी पिकते. मी ठरवलं, पोरांना खरं ते सांगायचं.

नेमका त्या सकाळी वाळला बांबू मधोमध मोडला. भुंग्याने पोखरलेला होता. मला धड्याची एवढी घाई की मी ओढ्यावर गेलो, हिरवा बांबू तोडला आणि तसाच आलो. डोक्यात अबिसिनिया होता, विटाळ नव्हता.

तो नकाशाला टेकवून मी धडा सांगितला. पाटलाचा मुलगा गणपत दहाएक वर्षांचा होता. तो पडवीतून म्हणाला, "मास्तर, त्यांनी इटलीचं काय वाकडं केलं व्हतं?"

"काही नाही," मी म्हणालो. "जमीन त्यांची होती. ती इटलीला हवी होती. आणि इटलीच्या लेखी ती माणसंच नाहीत."

तेव्हा माझ्या बाजूची सखी बोलली. नऊ वर्षांची पोर. तिचा बाप पाटलाच्या वेठीला. आधी पाटलाची सगळी शेतं लावायची, मग स्वतःच्या पोटाचं बघायचं.

"म्हंजे आपल्यावानी?"

"होय," मी म्हणालो.

पाटील मागे दारात उभा होता.

"वली काठी लावलीस नकाशाला," एवढंच तो बोलला, आणि मारायला लागला. पण मला ठाऊक होतं, तो मार काठीचा नव्हता. तो त्या एका शब्दाचा होता. मी खाली पडल्यावर त्याने माझ्या मानेवर पाय दिला. "उद्या ह्योच धडा परत द्यायचा. हबशी माजले, धन्यावर हात उचलला, म्हून मार खाल्ला. तुज्या तोंडानं सांगायचं. नाय सांगितलंस तर म्हारवाड्यात एक छप्पर ऱ्हानार नाय."

दुसऱ्या दिवशी नकाशा शुद्ध केला. गोमूत्र शिंपडलं. कागद फुगला, रंग ओघळले, अर्धी आफ्रिका समुद्रात गेली. माझा सदरा पाठीच्या जखमांना चिकटला होता. पाटील खाटेवर बसून पान चघळत होता.

आणि मी तो धडा दिला. हो, दिला. कोणी म्हणेल, घरं वाचवायला दिला. मला तसं म्हणता येत नाही. मी भ्यालो होतो.

आमच्या शाळेची रीत अशी, मास्तराने वाक्य सांगायचं आणि पोरांनी सूर लावून घोकायचं. "हबशी माजले होते," मी म्हणालो. पोरांनी घोकलं. "धन्यावर हात उचलला." घोकलं. "म्हणून मार खाल्ला." तीन वेळा घोकून घेतलं. माझी पोरं हुशार होती. लगेच पाठ झालं.

एकटी सखी गप्प होती. पाटलाने ते पाहिलं आणि गड्याला खूण केली. गड्याने तिच्या झिंज्या धरल्या. "बोल." ती बोलेना. त्याने थोबाडीत मारली. "बोल." दुसरी मारली. नाकातून रक्त आलं, ओठावरून हनुवटीवर, हनुवटीवरून पाटीवर. ती रडत नव्हती. पाटलाकडे बघतही नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "काल तुमी येगळं सांगितलं व्हतं."

गड्याला मी छातीत लाथ घातली, तो अंगणातल्या चुलवणावर जाऊन पडला. मग पायऱ्या चढलो. दीड वर्षात पहिल्यांदा. पोरं बाजूला सरकली. मी दोन्ही तळवे त्या ओल्या नकाशावर ठेवले आणि म्हणालो, "काल सांगितलं ते खरं. आज सांगितलं ते खोटं. मी भ्यालो म्हणून खोटं शिकवलं."

पुढचं वाक्य बोलू दिलं नाही. चौघे तुटून पडले. माझा उजवा हात उंबऱ्यावर धरला आणि पाटलाने मनगटावर मुसळ घातलं. हाड मोडल्याचा आवाज पोरांनी ऐकला. मीही एकाच्या दंडाला चावलो. मांस दातांत येईपर्यंत सोडलं नाही. हे सांगायची मला लाज वाटत नाही.

दुपारी महारवाड्यात दोन छपरं पेटली. एक सखीचं, एक मी राहायचो ते. तिचा बाप शेतावर होता, धूर बघून धावत आला आणि नुसता उभा राहिला. सखीची शाळा तिथेच संपली. मला कचेरीचा हुकूम आला: परक्या देशाचं राजकारण शिकवून गावची शांतता बिघडवली. बदली शहापूर. मुसळाबद्दल हुकुमात एक अक्षर नव्हतं.

शहापूरला मी डाव्या हाताने लिहायला शिकलो. पाचेक वर्षांनी बातमी आली, हबशांचा राजा परतला, इटलीला हाकललं. तो धडाही मी दिला. पोरं खूश झाली.

मग एकदा म्हसा गावच्या जत्रेत, बैलबाजारात, एका जवान गड्याने मला ओळखलं. त्या पडवीतलाच माझा विद्यार्थी. "मास्तर, तुमचं अजून पाठ हाय," म्हणाला, आणि हसत हसत सूर लावला, "हबशी माजले होते..." पुढची दोन्ही वाक्यं न अडखळता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मास्तराची आठवण म्हणून म्हणाला.

पाटलाच्या माराच्या जखमा भरून आल्या. माझं खोटं त्या पोरांच्या डोक्यात ताजं राहिलं. ती पोरं आता बाप झाली. त्यांच्या शेतावर वेठीला येणारी माणसं आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणी मान वर केली की हेच वाक्य त्यांना आठवणार. ते पाटलाने शिकवलेलं नाही. मी शिकवलं.

म्हणून मी एकेकाला गाठतो. बांधावर, बाजारात, भाताच्या खळ्यावर. सांगतो, मी खोटं शिकवलं होतं, ते पुसून टाक. काहींनी ऐकलं. एकाने विचारलं, मास्तर, डोकं फिरलं का. एक माझ्या अंगावर थुंकला, त्याला मी थुंकी वाळायच्या आत पुन्हा सांगितलं.

आता एकच उरलाय, गणपत. बाप मेला, आता पाटील तोच आहे. उद्या मी त्याच्याकडे जाणार. अंगणातून हाक मारणार नाही, सरळ आत जाणार आणि त्याच्या बायकोपोरांसमोर सांगणार. पुरतं सांगून होईपर्यंत निघणार नाही. त्याने मुसळ उचललं, तर या खेपेला पहिला घाव माझा असेल.